एकच थर आहे कशावरून?

एक मिलिमीटर जाडीच्या ग्राफाइटच्या तुकड्यात कार्बनचे सुमारे ३० लाख थर एकावर एक रचलेले असतात. प्रत्येक थरातले अणू षटकोनी जाळीत बांधलेले असतात. शेजारच्या दोन अणूंत ०.१४२ नॅनोमीटर अंतर, आणि त्यांच्यातला बंध अतिशय बळकट. एका थरापासून दुसरा मात्र ०.३३५ नॅनोमीटर दूर, आणि दोघांना धरून ठेवणारी ओढ अगदी क्षीण. पेन्सिल कागदावर उमटते ती या क्षीण ओढीमुळेच. म्हणजे ग्राफाइटचे पापुद्रे सुटतात, ही गोष्ट शेकडो वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. त्या काळ्या रेघेत एखादा अगदी एकेरी पापुद्रा पडला असेल, तर तो शोधायचा कसा, आणि सापडलाच तर तो एकेरी आहे हे छातीठोकपणे सांगायचे कशाच्या आधारावर, हे कळायला मात्र २००४ साल उजाडावे लागले.

हे पुस्तक ग्राफीन आणि त्याच्या जातकुळीतले इतर द्विमितीय पदार्थ बनवण्याच्या कृतींचे आहे. तरीही त्याच्या प्रत्येक प्रकरणात कृतीइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, जागा तपासणीला दिली आहे. एम.एस्सी.च्या प्रयोगवहीत नमुना तयार केल्याचे एक पान असते आणि त्याचे गुणधर्म तपासल्याचे दुसरे. तुरटीचे स्फटिक करताना हे चालून जाते, कारण स्फटिक झाले की नाही ते डोळ्यांना दिसते. एका अणूच्या जाडीच्या पदार्थाला ते लागू पडत नाही. भट्टीतून काढलेल्या तांब्याच्या पट्टीवर ग्राफीन आले आहे का, एक थर आहे की सात, सलग आहे की फाटका, हे तपासल्याशिवाय बनवणाऱ्यालाही ठाऊक नसते. माझे म्हणणे एवढेच, की इथे बनवणे आणि ओळखणे हे एकच काम आहे. ते दोन हातांत वाटून दिले, की बिघडते. हे पटवून देण्यासाठी मला थोडे मागे जायला हवे.

१९४७ साली पी. आर. वॉलेस यांनी ग्राफाइटच्या एकाच थरातल्या इलेक्ट्रॉनांचे गणित मांडले होते, पण असा थर प्रत्यक्ष हाती येईल अशी त्यामागे कल्पना नव्हती. उलट, पायर्ल्स आणि लँडाऊ यांनी १९३०च्या दशकात दाखवले होते की काटेकोर अर्थाने द्विमितीय स्फटिक उष्णतेच्या थरथरीने टिकूच शकणार नाही. १९६२ साली जर्मनीत हान्स-पेटर बोएम यांनी ग्राफाइट ऑक्साइडपासून अतिशय पातळ पापुद्रे मिळवले आणि त्यांतले सर्वांत पातळ एकेरी असावेत असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या छटेच्या गडदपणावरून काढलेला होता. पदार्थ बहुधा हाती आला होता, पण त्याची खूण पटवणारी पक्की पद्धत हाती नव्हती.

मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी केलेल्या कामाचे सार लोक ‘चिकटपट्टीने ग्राफीन काढले’ असे सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. गाइम यांच्या एका विद्यार्थ्याने ग्राफाइटचा ठोकळा घासून घासून पातळ करण्याचा प्रयत्न केला, आणि हाती आलेला कण तरीही मायक्रोमीटरांत मोजावा इतका जाड निघाला. तिथेच काम करणाऱ्या ओलेग श्क्ल्यारेव्हस्की यांनी तेव्हा लक्षात आणून दिले, की टनेलिंग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी ग्राफाइटचा पृष्ठभाग चिकटपट्टीने सोलून स्वच्छ करतात आणि ती पट्टी फेकून देतात. त्या फेकलेल्या पट्टीवरचे पापुद्रे घासून मिळालेल्या कणापेक्षा कितीतरी पातळ होते. पट्टी पुन्हा पुन्हा चिकटवून सोलत गेले की ते आणखी पातळ होतात. इथपर्यंत हिकमत पट्टीची. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे पापुद्रे त्यांनी ज्या सिलिकॉन वेफरवर उतरवले, त्यावर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर होता.

त्या थरामुळे काय झाले ते सावकाश पाहण्यासारखे आहे. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली असा वेफर जांभळट दिसतो. ऑक्साइडच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यातून तो रंग येतो. त्यावर पडलेला जाड ग्राफाइटचा तुकडा पिवळसर-पांढरा चमकतो. त्याहून पातळ निळा दिसतो. शोधत शोधत गेले की एखाद्या निळ्या तुकड्याच्या कडेला लागून एक फिकट सावली दिसते, पार्श्वभूमीहून जेमतेम गडद, पण कडा सरळ आणि कोन स्पष्ट. हा एकेरी थर. हवेत टांगलेले ग्राफीन त्यावर पडलेल्या प्रकाशातला फक्त २.३ टक्के प्रकाश शोषते. २००८ साली हे मोजणाऱ्या मँचेस्टरच्या गटात केरळचे राहुल नायर अग्रभागी होते. एवढ्याशा फरकाला डोळ्यांना दिसण्याइतके उठावदार करते ती ऑक्साइडची जाडी. हिरव्या प्रकाशात हा फरक सर्वांत ठळक दिसतो. ३००च्या जागी ३१५ नॅनोमीटर, म्हणजे फक्त पाच टक्के जास्त जाडी असती, तर एकेरी थर पूर्ण अदृश्य होऊ शकला असता. पापुद्रे तेवढेच सुटले असते, वेफरवर तितकेच पडले असते, आणि कुणाला कळलेही नसते. २०१०चे नोबेल पारितोषिक ज्या कामाला मिळाले, त्यात सोलण्याइतकाच वाटा या दिसण्याचा आहे. म्हणून वेफर मागवताना किंमत पाहून ऑक्साइडच्या जाडीशी तडजोड करू नये, हे पहिल्याच प्रकरणात ठळक अक्षरांत छापले आहे.

सोलून मिळालेला पापुद्रा उत्तम दर्जाचा असतो, पण काही मायक्रोमीटरांचा. ग्रॅमांत किंवा किलोंत हवे असेल तर रसायनशास्त्राकडे वळावे लागते, आणि आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत ग्राफीनशी पहिली गाठ पडते ती याच वाटेने. ब्रॉडी यांनी १८५९ साली ग्राफाइटचे ऑक्साइड केले होते. आज रूढ आहे ती हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ची कृती किंवा तिच्या सुधारित आवृत्त्या. बर्फात ठेवलेल्या तीव्र सल्फ्युरिक आम्लात ग्राफाइट आणि सोडियम नायट्रेट ढवळायचे, तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देता पोटॅशियम परमँगनेट चिमटी-चिमटीने घालायचे. मिश्रण हिरवट काळे होते. मग ३५ अंशांच्या आसपास ठेवले की घट्ट होत जाऊन तपकिरी लगदा होतो. पाणी घालताच तो उकळी फुटल्यासारखा फसफसतो, आणि शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड पडले की सगळे पात्र लख्ख पिवळे होते. हा पिवळा रंग पाहून विद्यार्थी हरखतात, आणि त्यांनी हरखावेच. पण परमँगनेट आणि सल्फ्युरिक आम्लापासून होणारे मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या वर स्फोटक असते. घाई करून मूठभर परमँगनेट एकदम टाकणे म्हणजे जिवाशी खेळ. या कृतीत थर्मामीटर सतत मिश्रणात बुडालेला असला पाहिजे, यावर मी कुणाशीही तडजोड करणार नाही.

आता खरा प्रश्न. त्या पिवळ्या-तपकिरी द्रावणात जे आहे ते ग्राफीन ऑक्साइड. जाळीवर जागोजागी ऑक्सिजनचे गट चिकटलेले, वीज जवळजवळ न वाहणारे. क्ष-किरण विवर्तनात ग्राफाइटचे २६.५ अंशांवरचे शिखर सरकून १०-११ अंशांवर येते, कारण थरांमधले अंतर ०.३३५वरून ०.८ नॅनोमीटरच्या आसपास गेलेले असते. मग ते क्षपित करतात. काळी पूड मिळते, ११ अंशांवरचे शिखर नाहीसे होते आणि प्रबंधात लिहिले जाते, ‘ग्राफीन तयार झाले.’ असे निष्कर्ष मी पुष्कळ वाचले आहेत आणि दर वेळी वाईट वाटते, कारण त्यामागे मेहनत खरी असते. शिखर नाहीसे होणे याचा अर्थ थरांची नियमित रचना मोडली, एवढाच. थर किती उरले हे त्यातून कळत नाही. ऑक्सिजन किती गेला हे क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट सांगतो. अतिनील शोषणाचे शिखर २३० नॅनोमीटरवरून २७०कडे सरकले का, तेही पाहावे. आणि ऑक्सिजन गेला तरी जाळीला पडलेली भोके भरून येत नाहीत. क्षपित ग्राफीन ऑक्साइड हा उपयोगी पदार्थ आहे. संधारित्रांसाठी, संवेदकांसाठी, लेपांसाठी त्याची मागणी आहे. त्याला त्याच्याच नावाने हाक मारायला हरकत काय?

ऑक्सिडीकरण टाळून ग्राफाइट थेट द्रवात विलग करण्याची वाट डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जॉनथन कोलमन यांच्या गटाने रुळवली. योग्य पृष्ठताण असलेला द्रावक, ध्वनिलहरींचा मारा, मग सेंट्रिफ्यूज. २०१४ साली त्यांनी वेगाने फिरणारे पाते पुरेसे आहे हे दाखवताना स्वयंपाकघरातला मिक्सर आणि भांडी घासण्याचा साबण वापरून पाहिला. जाळी शाबूत राहते, पण थरांच्या संख्येची सरमिसळ होते. त्या सरमिसळीचे मोजमाप कसे करायचे, हे चौथ्या प्रकरणात आले आहे.

मोठ्या क्षेत्रफळाचे सलग ग्राफीन हवे असेल तर सीव्हीडी, म्हणजे तापलेल्या धातूवर कार्बनी वायूचे विघटन. इथे एक उल्लेख करायचा मोह आवरत नाही. २००६ साली जपानच्या चुबू विद्यापीठात प्रकाश सोमाणी, सविता सोमाणी आणि मासायोशी उमेनो यांनी कापूर उष्णतेने विघटित करून निकेलवर ग्राफीनचे अनेक थर वाढवले होते. आपल्या देवघरातल्या कापरापासून सुरू झालेला हा प्रयत्न सीव्हीडी ग्राफीनच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी आहे. निकेलची अडचण अशी, की ते तापलेले असताना कार्बन विरघळवून घेते आणि थंड होताना तो बाहेर टाकते, त्यामुळे थर किती होतील यावर ताबा राहत नाही. २००९ साली ऑस्टिन इथे रॉडनी रूऑफ यांच्या गटाने तांबे निवडले. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही. १००० अंशांच्या आसपास मिथेन पृष्ठभागावर तुटतो, पहिला थर तांबे झाकतो, आणि झाकलेल्या जागी पुढचे विघटन मंदावते. त्यांच्या नमुन्यात ९५ टक्क्यांहून अधिक भाग एकेरी थराचा होता.

एवढ्यावर काम संपत नाही. तांब्यावरचे ग्राफीन हवे तिथे उतरवायचे तर त्यावर पीएमएमए या प्लॅस्टिकचा पातळ लेप द्यायचा, खालचे तांबे फेरिक क्लोराइडच्या किंवा अमोनियम परसल्फेटच्या द्रावणात विरघळवायचे, पाण्यावर तरंगणारी जवळजवळ न दिसणारी पापडी वेफरने अलगद उचलायची आणि मग अॅसिटोनने प्लॅस्टिक काढून टाकायचे. प्लॅस्टिक पूर्ण कधीच निघत नाही. धातूचे अंश राहतात. खाली अडकलेले पाणी सुकताना थर फाटतो. आणि या साऱ्याच्या आधी, भट्टीतून बाहेर येतानाच त्यावर सुरकुत्या पडलेल्या असतात. तांबे थंड होताना आकसते, ग्राफीन मात्र आकसत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने २०१० साली टांगलेल्या ग्राफीनच्या पट्टीची कंपने मोजून दाखवले, की खोलीच्या तापमानापासून खाली ३० केल्विनपर्यंत ग्राफीनचा प्रसरण गुणांक ऋण राहतो. थंड करावे तसे ते किंचित पसरते. ही सुरकुती कुणाच्या हाताचा दोष नसून पदार्थाचा स्वभाव आहे, हे कळले की विद्यार्थी निराश होण्याऐवजी ती मोजायला बसतो.

आता रामन वर्णपट. १९२८ साली कोलकात्यात रामन आणि कृष्णन यांनी पाहिलेला परिणाम आज ग्राफीनच्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेची पहिली कसोटी आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. नमुन्यावर लेसर टाकायचा आणि परत विखुरलेल्या प्रकाशाची ऊर्जा किती बदलली ते पाहायचे. १५८० प्रतिसेंटिमीटरच्या आसपास दिसते ते जी शिखर, जाळीतल्या बंधांच्या ताणण्याचे. १३५०जवळचे डी शिखर जाळीत दोष असेल तरच उमटते. आणि २७००च्या अलीकडे २डी शिखर. आंद्रेआ फेरारी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवले, की एकेरी थरात हे २डी शिखर एकसंध, उंच आणि अरुंद असते, तर दुहेरी थरात ते चार शिखरांच्या बेरजेचे बनते. सूक्ष्मदर्शकाखाली संशयास्पद वाटणाऱ्या सावलीवर लेसर ठेवला आणि जीपेक्षा दुपटीहून उंच २डी शिखर उभे राहिले, की खोलीतला माणूस सुटकेचा श्वास टाकतो. मी तो श्वास अनेकांचा ऐकला आहे.

पण याच कसोटीने फसगतही होते. एकमेकांना वेडेवाकडे वळलेले अनेक थर असतील तर २डी शिखर एकसंधच दिसते, फक्त जरा रुंद. लेसर पापुद्र्याच्या कडेवर पडला तर निर्दोष नमुन्यातही डी शिखर उगवते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अजय सूद यांच्या गटाने २००८ साली दाखवले, की ग्राफीनवर विद्युतभार चढला की जी शिखर सरकते आणि २डी व जी यांचे गुणोत्तर बदलते. म्हणजे निव्वळ गुणोत्तर पाहून थर मोजणारा माणूस वेफरवरच्या ओलाव्याने आलेला भार मोजत असू शकतो. डी आणि २डी ही शिखरे लेसरच्या तरंगलांबीनुसार जागाही बदलतात. म्हणून तरंगलांबी, शक्ती आणि नमुन्यावरच्या किती बिंदूंवर मोजले, हे न लिहिलेला वर्णपट या पुस्तकात एकही नाही.

अणुबल सूक्ष्मदर्शकाने जाडी मोजावी तर तिथेही थर ०.३३५ नॅनोमीटरचा दिसत नाही. ऑक्साइडवर त्याची उंची ०.४पासून १ नॅनोमीटरपर्यंत काहीही येते, कारण खाली पाण्याची फिल्म अडकलेली असते आणि सुईची ओढ दोन्ही पृष्ठभागांवर सारखी नसते. पापुद्रा कुठे दुमडला असेल तर घडीच्या पायरीची उंची मोजावी. तिथे कार्बनवर कार्बन असतो, त्यामुळे आकडा विश्वासाचा. पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अणू दिसतात, पण ८० किलोव्होल्टच्या वर गेले की इलेक्ट्रॉनच कार्बनचे अणू उडवू लागतात, आणि पाहता पाहता नमुना बिघडतो.

ग्राफीनखेरीज जे पदार्थ निवडले, त्यांत मॉलिब्डेनम डायसल्फाइडला सर्वांत जास्त पाने मिळाली. वंगणात वापरला जाणारा हा खनिज पदार्थ एकेरी थरात आला की त्याचा ऊर्जापट्टा बदलून तो लख्ख प्रकाशमान होतो. २०१० साली हे दिसले, आणि त्यामुळे इथे प्रकाशदीप्ती हीच थर मोजण्याची कसोटी झाली. रामनमधल्या त्याच्या दोन शिखरांमधले अंतर एकेरी थरात १९ प्रतिसेंटिमीटरच्या आसपास, जाड स्फटिकात २५. बोरॉन नायट्राइडचे प्रकरण मात्र बनवण्याचे नाही, कारण त्याचे उत्तम स्फटिक जपानमधल्या त्सुकुबाच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत केंजी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची हे दोघे प्रचंड दाबाच्या यंत्रात वाढवतात आणि जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवतात. २०१० साली कोलंबिया विद्यापीठात त्यावर ग्राफीन ठेवल्यावर इलेक्ट्रॉनांची गतिशीलता कितीतरी सुधारली. पुढे दोन थर १.१ अंशाने वळवून मिळालेल्या अतिसंवाहकतेच्या कामातही ग्राफीनला आवरण याच स्फटिकांचे होते. मॅक्सीनबद्दल मुद्दाम थोडेच लिहिले आहे. त्याच्या मूळ कृतीत हायड्रोफ्लुओरिक आम्ल लागते, आणि नीट धूरकपाट व उपचाराची सोय नसलेल्या प्रयोगशाळेत ते असूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा सारा काटेकोरपणा कशासाठी, असे विचारणाऱ्यांना २०१८ची एक पाहणी दाखवावीशी वाटते. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी जगभरच्या ६० उत्पादकांकडून ग्राफीन म्हणून विकली जाणारी पूड मागवून तपासली. दहा थरांपर्यंतचा पापुद्रा ग्राफीनमध्ये धरला तरीही बहुतेकांच्या मालात त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून कमी निघाले, आणि एकाच्याही मालात ते ५० टक्क्यांपुढे गेले नाही. उरलेले बारीक ग्राफाइट. त्या पुडीवर उभारलेले रंग, काँक्रीट, बॅटरी यांचे प्रयोग अपेशी ठरले, तर दोष ग्राफीनच्या माथी जातो. एखाद्या विद्यार्थ्याची तीन वर्षे अशा बाटलीत जाऊ नयेत, म्हणून विकतची पूड तपासण्याचे एक स्वतंत्र प्रकरण आहे.

साधने नाहीत ही तक्रार खरी आहे, पण पूर्ण खरी नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘सैफ’ केंद्रात बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात. मात्र नमुना पाठवून वर्णपट मागवणे पुरेसे नाही. शक्य असेल तर विद्यार्थ्याने सोबत जावे, लेसर कुठे ठेवायचा ते स्वतः ठरवावे, आणि परत येऊन त्याच आठवड्यात कृती बदलून पाहावी. पुस्तकात अयशस्वी नमुन्यांचे वर्णपटही छापले आहेत ते यासाठी, की चांगला आलेख सगळीकडे मिळतो, बिघडलेला कुठेच पाहायला मिळत नाही.

पहिल्या प्रकरणासाठी फार काही लागत नाही. नैसर्गिक ग्राफाइटचे मोठे पत्रीदार स्फटिक, साधी चिकटपट्टी, २९० ते ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा वेफर, हिरवी गाळणी आणि ५० पट किंवा १०० पट वर्धनाचे भिंग असलेला परावर्तनाचा सूक्ष्मदर्शक. पट्टी सोलताना हात सावकाश चालवावा आणि पापुद्रे उतरवण्याआधी वेफर तापवून कोरडा करावा. सावली सापडली की तिची जागा वहीत आकृती काढून नोंदवावी, आणि मग दुसऱ्या प्रकरणाकडे वळावे.